दादाच्या कॅमचा आवाज

दादाला ऐकू येत नाही हे घरात सगळ्यात आधी मला कळलं आणि सगळ्यात शेवटी दादाला. मधला सगळा काळ वहिनीनं आणि मी नाटक करण्यात घालवला. नाटक अगदी सोपं होतं. आपण विचारावं एक आणि दादानं उत्तर द्यावं भलतंच, तर त्या भलत्याच उत्तराला मान डोलवायची आणि पुढं चालायचं. "भाजी कसली करू?" असं वहिनीनं विचारलं की दादा म्हणायचा, "उद्या जाईन की." मग त्या दिवशी मुकाट्यानं वांगं व्हायचं. टीव्हीवरच्या बातम्या मागच्या उसात पाणी पाजणाऱ्याला घरबसल्यासारख्या ऐकू जायच्या. "आवं, जरा बारीक करा की," असं वहिनी म्हणाली की तो तिच्या तोंडाकडं बघून म्हणायचा, "तू तुझी बडबड बारीक कर, मग मी हे बारीक करतो." ओठ बघून त्याला बरंचसं कळायचं. त्यामुळं त्याला वाटायचं, आपल्याला ऐकू येतंय.

वय झालं की कान कमी होतात, त्यात जगावेगळं काही नाही. माझ्या सासऱ्यांना काही म्हणता काही ऐकू येत नव्हतं आणि ते सुखानं गेले, कारण सासूबाईंचं बोलणं ऐकायची त्यांना हौसच नव्हती. पण दादाची गोष्ट वेगळी होती. दादा कानावर जगत होता. त्याचा कान गेला म्हणजे काय गेलं, हे समजायला आमचा धंदा काय ते आधी सांगायला पाहिजे.

आम्ही जुन्या मोटारींच्या इंजिनांचे नवे पार्ट बनवतो. पलूसच्या बाहेर पत्र्याचं शेड आहे, मागं ऊस, पुढं रस्ता. चार सिलिंडरच्या ज्या जुन्या गाड्या कधीच्या बंद झाल्या, त्या काही हौशी लोकांनी अजून लेकरासारख्या सांभाळल्या आहेत. त्या लोकांना पार्ट मिळत नाहीत. आणि नुसता पूर्वीसारखा पार्ट त्यांना नको असतो. गाडी पूर्वीपेक्षा जोरात पळायला पाहिजे, घाटात धापा टाकता कामा नये, असं त्यांचं म्हणणं. म्हणून आम्ही जरा उंच डोक्याचे पिस्टन बनवतो, दोन कार्बोरेटर बसतील असा मॅनिफोल्ड बनवतो, आणि मुख्य म्हणजे कॅमशाफ्ट बनवतो. कॅमशाफ्ट म्हणजे एक लांब दांडा. त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. दांडा फिरला की ते उंचवटे टॅपेट नावाच्या खिट्ट्यांना ढकलून इंजिनाचे वॉल्व्ह उघडतात. उंचवट्याचा आकार केसभर बदलला तरी गाडीचा स्वभाव बदलतो. बिडाचं ओतकाम जवळच्या फाउंड्रीतून येतं, आणि त्याचं ग्राइंडिंग मी करते.

बाईमाणूस ग्राइंडरवर कसं, हे मला इतक्या लोकांनी विचारलंय की आता मी उत्तरच देत नाही. नवरा गेल्यावर मी माहेरी आले. दिवसभर कोपऱ्यात बसून रडायची. दादा तेव्हा लष्करातनं रिटायर होऊन आला होता. तिथं त्यानं उभा जन्म गाड्यांची इंजिनं उघडण्यात घातला होता. एक दिवस त्यानं मला हाताला धरून शेडात नेलं आणि ग्राइंडरपुढं उभं केलं. म्हणाला, "रडायचं तर हितं रड. मशीनच्या आवाजात कुणाला ऐकू जात न्हाई." मी रडले आणि शिकले. आमचं भांडण त्या दिवशी जे सुरू झालं ते थांबलंच नाही. त्यानं डावीकडून घे म्हटलं की मी उजवीकडून घेणार. त्यानं चांगलं झालंय म्हटलं की मी पुन्हा माप घेणार. गिऱ्हाइकांना वाटायचं, आता ही दोघं पाने फेकून मारतात. पण कामात वंगणासारखं भांडण लागायचंच आम्हाला.

पण पार्ट बनवून भागत नव्हतं. आमचा कॅम, आमचे पिस्टन आणि गिऱ्हाइकानं कुठूनतरी पैदा केलेला कार्बोरेटर, असं सगळं एका इंजिनात गेलं की ते कसं सेट करायचं हे कुठल्याच पुस्तकात नसतं. तिथं दादाचा कान लागायचा. लांब पेचकसाचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून तो डोळे मिटायचा. मग पाना घेऊन पाव आटा फिरवायचा, पुन्हा ऐकायचा. शेवटी म्हणायचा, "लोण्यागत." एवढं म्हटलं की काम झालं. लांबलांबून लोक गाड्या घेऊन यायचे ते या एका शब्दासाठी. पार्ट काय, आज कॉम्प्युटरच्या मशीनवर कुणीही काढून देईल.

तर तो कान गेला होता. थोडा लष्करातल्या शेडांनी नेला, थोडा आमच्या शेडानं. पहिल्यांदा मला कळलं तेव्हा एका गाडीचे टॅपेट त्यानं ढिले सोडले होते आणि "लोण्यागत" म्हणून हात पुसत जेवायला गेला होता. इंजिन कडकड वाजत होतं. मी तिथंच उभी राहिले. मग पाना घेतला, फट मोजायची गेजची पट्टी घालून टॅपेट नीट केले, झाकण लावलं आणि जेवायला गेले. तिथून पुढं तो जेवायला गेला की मी मागं राहायचे. तो विचारायचा, "तुला भूक लागत न्हाई का गं?" मी म्हणायचे, "तुझ्यासारखी माझ्या पोटात घूस न्हाई." गिऱ्हाइकं खूश, दादा खूश. वहिनी आणि मी एकमेकींकडं बघायचो आणि गप्प बसायचो. डॉक्टरचं नाव एकदा काढलं तर त्यानं चहाची कपबशी आपटून फोडली.

अशातच साताऱ्याचे मास्तर आले. शाळेतनं रिटायर झालेले, फार सभ्य माणूस. त्यांच्या वडिलांची गाडी त्यांनी जपली होती. दर रविवारी ते ती घेऊन यवतेश्वरचा घाट चढायचे आणि कासच्या बाजूला कुठंतरी डबा खाऊन परत यायचे. त्यांचं मागणं साधं होतं. घाटात गाडी दुसऱ्या गियरवर रडत चढते, ती तिसऱ्यावर हसत चढली पाहिजे.

दादाचे डोळे एकदम चमकले. आजवर आम्ही जे कॅम घासले ते कुठल्या ना कुठल्या जुन्या नमुन्यावरून घासले होते. पण दादाच्या डोक्यात त्याचा स्वतःचा एक आकार कितीतरी वर्षं फिरत होता. हरभऱ्याच्या पुडीवर, वर्तमानपत्राच्या कडेला, जिथं मिळेल तिथं तो ते अंडं काढत बसायचा. मास्तर गेल्यावर तो मला म्हणाला, "आजपातूर लोकांच्या मापावर चाललो. हे इंजिन माझ्या मापावर करायचं."

"तुझ्या मापाचं इंजिन म्हंजे ते दुपारी झोपा काढणार," मी म्हणाले.

नमुना त्यानं हातानं कानशीनं घासून केला. तो तेव्हा जेवायलासुद्धा धड यायचा नाही. मी त्या नमुन्यावरून कॅम घासला. सगळी मापं बरोबर आली तेव्हा मी तेलाच्या फडक्यानं तो पुसून त्याच्या हातात दिला. दादानं तो दारातल्या उजेडात धरून फिरवला. त्याचा तेव्हाचा चेहरा मला अजून दिसतो. एवढा आनंदी तो त्याच्या लेकीच्या लग्नात नव्हता. मला मात्र माहीत होतं, हा आकार ज्यानं काढला त्याला तो ऐकायला मिळणार नाही.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी सगळी मशीनं बंद. लेथ, ग्राइंडर धुऊन-पुसून हळदकुंकू लावायचं, झेंडूच्या माळा घालायच्या, पाटावर पाने, कानशी, मायक्रोमीटर मांडून पूजा करायची. एकदा पूजलेलं हत्यार दसऱ्याला सोनं लुटून झाल्याशिवाय उचलायचं नाही. घरातल्या विळीपासून ऊसतोडीच्या कोयत्यापर्यंत सगळ्यांना सुट्टी. त्या वर्षी दादानं पाटाच्या मधोमध नवा कॅम ठेवला.

मी बघितलं आणि ओरडलेच. "दादा, येडा हायस का तू? नुसतं घासलेलं बीड हाय ते. पाणी लागलं की गंजणार. तेलाच्या कागदात गुंडाळून ठेव."

"देवाला काय कागदात गुंडाळून दावत्यात व्हय?" माझं हे त्याला बरोबर कळलं, कारण मी त्याच्या तोंडासमोर उभी राहून ओरडत होते.

"मग तेल तरी थाप वरनं."

"तेलावर हळद बसत न्हाई." वहिनी ओली हळद घेऊन उभीच होती. तिला काय माहीत! तिनं प्रत्येक उंचवट्याला हळद लावली, कुंकू लावलं. दादानं पाण्यात भिजवून ठेवलेली झेंडूची माळ आणून आपल्या हातानं कॅमवर घातली. नारळ फोडला तो असा, की अर्धं पाणी त्याच्यावरच उडालं. त्याचा पहिला कॅम होता तो. देवाला दाखवायचा नाही तर कुणाला दाखवायचा? मला त्याचं कळत होतं. तरी माझी तगमग होत होती. बाहेर परतीचा पाऊस लागून राहिलेला, शेडात सगळं दमट, आणि माळेखालचा कॅम मला उचलता येत नव्हता. रात्री शेडात जाऊन गुपचूप पुसून यावा असं दहादा मनात आलं. पण पूजा मोडायचं धाडस माझ्यात नव्हतं. आमच्या घरात कुणातच नव्हतं.

दसऱ्याचं सोनं वाटून झालं आणि आम्ही माळ काढली. जिथं जिथं ओली फुलं टेकली होती तिथं तपकिरी डाग पडले होते. दादा झिरो नंबरचा पॉलिश पेपर आणि तेल घेऊन बसला. घासून घासून डाग काढले. लांबून बघितलं तर आरसा. पण एका उंचवट्याच्या ऐन माथ्यावर माझं नख अडकत होतं.

"हितं खड्डा हाय."

दादानं आपला अंगठा फिरवला. त्याच्या अंगठ्याची कातडी इतकी जाड झाली आहे की त्याला विस्तवसुद्धा लवकर कळत नाही. "काय न्हाई. तुझं नखच खडबडीत हाय."

"दुसरा कॅम करू."

"दुसरं ओतकाम कुठाय? फाउंड्रीतनं दिवाळीच्या नंतर मिळंल. मास्तरांला दिवाळीला घाट चढायचाय. आन ते इंजिन सुरू झालं की मी ऐकंन की. काय आसलं तर कळंलच."

ऐकंन की, म्हणे. त्या वाक्यानं माझं तोंड बंद झालं, नाहीतर मी तो कॅम विहिरीत टाकला असता.

इंजिन बसवलं, सुरू केलं. आणि खरं सांगते, असा आवाज आमच्या शेडात त्याआधी झाला नव्हता. सावकाश चालताना ते जरासं लंगडत होतं, मोठा कॅम असला की लंगडतंच, पण पाय दाबला की असं काही उठायचं की पत्रे थरथरायचे. मास्तर टाळ्या वाजवायला लागले. दादा पेचकस कानाला लावून डोळे मिटून उभा होता आणि हसत होता. तो काय ऐकत होता देव जाणे. हाताला जी थरथर लागली तिलाच तो आवाज म्हणत असेल. तो जेवायला गेल्यावर मी टॅपेट तपासले. त्या दिवशी काही चुकलं नव्हतं.

दिवाळी झाली. मास्तर तिसऱ्या गियरवर घाट चढले, फराळाचा डबा पाठवून दिला. मग थंडी पडली, आणि एका सकाळी त्यांचा फोन आला. दादाचा फोन मीच उचलते. मास्तर म्हणाले, "ताई, गाडीत काहीतरी वाजतंय. थांबा, ऐकवतो." त्यांनी फोन बोनेटपाशी धरला. साताऱ्याहून, फोनमधून, त्या सगळ्या गोंगाटातून मला ते स्पष्ट ऐकू आलं. टक्. टक्. टक्. टक्. मी खुर्चीवर बसले.

दादाला सांगणं भाग होतं. त्याच्या तोंडासमोर जाऊन सांगितलं की मास्तर म्हणतात आवाज येतोय. तो म्हणाला, "टॅपेट बसले असतील. उद्याच्या उद्या जाऊ. मी ऐकतो." आणि पाठ फिरवून हत्यारं भरायला लागला. वहिनी दारात होती. आम्ही त्याच्या पाठीमागंच उभं राहून बोललो. कुजबुजायची गरज नव्हती, हेच फार वाईट होतं.

"त्याला सांगूया का आता?" मी म्हणाले.

वहिनीनं डोळ्याला पदर लावला. "सांगा, पर घरात सांगा. तिथं, लोकांच्यात नगं. त्यांचा मान तेवढा राखा वन्सं. त्या मानावरच त्यांचं सगळं चाललंय."

घरात कुणी सांगितलं नाही. तिनंही नाही, मीही नाही. मी मनाशी ठरवलं होतं, दादाला मास्तरांबरोबर चहाला बसवायचं आणि तोवर आपण झाकण उघडून काय ते बघायचं. वाटेत कराडपर्यंत मी हेच घोकत होते. दादा गाडी चालवत होता, गाणं गुणगुणत होता, आणि मागचा ट्रक हॉर्न वाजवून वाजवून दमला तरी याला पत्ता नव्हता. मी त्याच्या खांद्याला हात लावून बाजू द्यायला सांगितली. "मला दिसतोय की," तो म्हणाला.

साताऱ्यात मास्तरांच्या अंगणात पाय ठेवला आणि माझा बेत धुळीला मिळाला. मास्तरांचे दोन दोस्त येऊन बसले होते. दोघांकडंही तशाच जुन्या गाड्या. मास्तर कौतुकानं म्हणाले, "ह्यांना म्हटलं या, दादांचा कान बघायला मिळेल. असा माणूस पुन्हा दिसायचा नाही." दादानं लाजून टोपी सारखी केली.

"आधी चहा घेऊया," मी म्हणाले.

"चहा कुठं पळून चाललाय? आधी ऐकू," दादा म्हणाला.

मास्तरांनी इंजिन सुरू केलं. टक् टक् टक् टक्. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसानं वळून बघावं इतकं ते वाजत होतं. दादानं पेचकस लावला, डोळे मिटले. ते तिघे आदरानं उभे होते. मला पळून जावंसं वाटत होतं. दादानं पेचकस एका जागेवरून दुसऱ्या जागेवर ठेवला, तिसऱ्या जागेवर ठेवला. मग डोळे उघडले, हसला आणि म्हणाला, "लोण्यागत."

कुणी काही बोललं नाही. इंजिन मात्र बोलत होतं. दोस्तांपैकी एकानं खाली मान घातली. मास्तर बिचारे चपापले. ते इतकंच म्हणाले, "दादा, आवाज... तो आवाज येतोय ना अजून."

दादानं त्यांचे ओठ बघितले, मग त्या दोघांचे चेहरे बघितले. त्याचं हसू हळूहळू उतरलं. तो माझ्याकडं वळला. "तुला येतोय?"

वहिनीचा पदर माझ्या डोळ्यांपुढं आला. मी म्हणाले, "न्हाई दादा. तू म्हणतोस तसंच हाय. लोण्यागत."

दादा माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मग मास्तरांना हातानं खूण केली, बंद करा. इंजिन थांबलं. तो त्यांच्याशी बोलला, पण बघत होता माझ्याकडंच.

"मास्तर, ही माझी धाकटी भन. हिनं जन्मात माझं कवा खरं केलं न्हाई. मी ऊन म्हटलं की ही सावली म्हणणार. आज पैल्यांदा माझं खरं करतीया." त्यानं पेचकस खाली ठेवला. "म्हंजे आवाज हाय. मलाच येत न्हाई."

मला रडू फुटलं.

"लय मोठा हाय का गं?" त्यानं विचारलं.

मी मान हलवली.

पुढचं सगळं मी केलं. दादा अंगणातल्या कट्ट्यावर बसून राहिला. मी झाकण काढलं, टॅपेट बाहेर घेतले. तिसऱ्या सिलिंडरचा एक टॅपेट खालून कुरतडलेला होता. बॅटरीचा उजेड आत टाकून इंजिन हातानं फिरवलं तेव्हा उंचवटा दिसला. ज्या खड्ड्यात माझं नख अडकलं होतं तिथून तो खायला लागला होता, आणि माथा झिजून सपाट झाला होता. मी दादाला हाक मारली. मग आठवलं, आणि जवळ जाऊन हाताला धरून आणलं. त्यानं वाकून बघितलं.

"तू म्हणत हुतीस," तो म्हणाला.

उभ्या आयुष्यात त्यानं मला तू बरोबर होतीस असं म्हटलं नव्हतं. म्हणावं म्हणून मी किती भांडले होते! आता म्हटलं तर मला ते नकोसं झालं. मी ओरडून म्हणाले, "मी काय म्हणत नव्हते, माझं नखच खडबडीत हाय." त्यानं हात वर करून मला गप्प केलं.

मास्तर फार चांगले वागले. नवा कॅम सावकाश करा म्हणाले, गाडीला काय घाई आहे, घाट कुठं पळून जात नाही. दोस्त लोक लगबगीनं निघून गेले. जाताना ते दादाशी बोलले ते सावकाश, एकेक शब्द सुटा करून, लहान पोराशी बोलावं तसं. सकाळी हीच माणसं त्याच्यापुढं अदबीनं उभी होती. मला त्यांचा इतका राग आला की काय सांगू. पण त्यांचं तरी काय चुकलं होतं?

निघताना दादानं किल्ली माझ्याकडं टाकली आणि जाऊन बाजूच्या सीटवर बसला. सातारा सुटला. मग त्यानं विचारलं, "कवापास्नं?" मी सांगितलं. पण माझं तोंड रस्त्याकडं होतं, त्याला काय समजणार? त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यानं विचारलं तेव्हा उंब्रजच्या अलीकडं मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, बंद केली आणि त्याच्याकडं तोंड करून बसले.

"लय दिवस झाले, दादा."

"तू माघारी ऱ्हायाचीस. मी जेवाय गेलो की. ते टॅपेटसाठी व्हय?"

मी मान हलवली.

तो समोरच्या काचेतून बाहेर बघत होता. उसाचे ट्रॅक्टर चालले होते. "मला वाटायचं, कान अजून बरा हाय. माझी एक बी गाडी माघारी येत न्हाई. मला कसं कळणार गं मग?"

आम्ही त्याचा मान राखत होतो म्हणे. तो डॉक्टरकडं गेला असता, काहीतरी मशीन कानाला लावलं असतं, निदान स्वतःच्या कॅमचा पहिला दिवस तरी त्याच्या पदरात पडला असता. मी त्याचे टॅपेट नीट केले आणि त्याचा तो दिवस घालवला. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यानं तो काढला नाही.

मग तो म्हणाला, "एक सांग. पैल्या दिवशी, शेडात सुरू केलं तवा. खराब व्हायच्या आधी. कसा हुता आवाज?"

"चांगला हुता दादा."

"चांगला म्हंजे कसा? करून दाव की."

मी इकडंतिकडं बघितलं. रस्त्यावरून माणसं जात होती. लाज गुंडाळून ठेवली आणि तोंडानं आवाज काढायला लागले. ते जरासं लंगडत चालणं, ढग्-ढग्, मध्ये एक पाय अडखळतो ना, तसं, पुन्हा ढग्-ढग्, आणि मग पाय दाबल्यावर पोटातून उठणारा तो गर्जणारा सूर. काचा बंद होत्या तरी बाजूनं जाणारा सायकलवाला थांबून बघायला लागला. माझ्या गळ्याच्या शिरा ताणल्या, डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी मी थांबले नाही. दादा माझ्या ओठांकडं टक लावून बघत होता. त्याचे स्वतःचे ओठ माझ्याबरोबर हलत होते.

मग तो हळूच म्हणाला, "मोठ्यानं कर की गं जरा."

मी ओरडतच होते.